जेन्ताक आणि जन्ताघर : प्राचीन भारतीय स्वेदगृहाचा शब्दबद्ध आराखडा

प्राचीन भारतीय वास्तूंचा अभ्यास प्रामुख्याने मंदिरे, स्तूप, लेणी आणि दुर्ग यांच्या अनुषंगाने झालेला आहे. नित्याच्या उपयोगासाठी किंवा उपचारासाठी माती, लाकूड आणि गवत यांनी उभारलेल्या लहान वास्तूंचे अवशेष क्वचितच टिकतात. साहजिकच त्यांच्या रचनेचे ज्ञान ग्रंथांतील उल्लेखांवरूनच मिळवावे लागते. अशा वास्तूंपैकी स्वेदगृह, म्हणजे तापलेल्या खोलीत बसून किंवा निजून घाम काढण्याचे घर, ही एक होय. या वास्तूविषयी दोन विस्तृत वर्णने उपलब्ध आहेत. पहिले चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या म्हणजे स्वेदाध्यायात आहे. दुसरे पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. पहिल्यातील वास्तूस ‘जेन्ताक’ असे नाव आहे, दुसऱ्यातील वास्तूस ‘जन्ताघर’.

या दोन शब्दांचे नाते काय, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांपुढे एकोणिसाव्या शतकापासून आहे. जॉर्ज ब्यूलर यांनी ‘जन्ताघर’ या शब्दाचा संबंध ‘यन्त्रगृह’ या संस्कृत शब्दाशी जोडला. ई. हार्डी यांनी १९०२ मध्ये त्याचा संबंध ‘जेन्ताक’ शब्दाशी लावला. ‘अभिधानप्पदीपिका’ या पाली कोशात त्याचा अर्थ ‘अग्गिसाला’, म्हणजे अग्निशाला, असा दिला आहे. व्युत्पत्तीचा निर्णय निःसंदिग्धपणे लागलेला नाही. परंतु शब्दांपेक्षा वास्तूंची तुलना केली असता अधिक महत्त्वाचे काही हाती लागते. दोन्ही ग्रंथांनी एकाच अपघाताची नोंद घेतली आहे, आणि त्यावर दोन भिन्न प्रकारचे उपाय सांगितले आहेत. या उपायांच्या भिन्नतेवरून, बांधकामाचे ज्ञान प्राचीन काळी कोणत्या रीतीने ग्रंथबद्ध होत असे, हे समजण्यास मदत होते.

चरकसंहितेतील वर्णन

चरकसंहिता हा एका हातचा ग्रंथ नव्हे. अग्निवेशाचे मूळ तंत्र, चरकाचा प्रतिसंस्कार आणि दृढबलाने केलेली पूर्ती असे तिचे तीन थर परंपरेने मानलेले आहेत. सूत्रस्थान हे दृढबलाने पूर्ण केलेल्या भागांत मोडत नाही. त्याचे आजचे रूप सामान्यतः इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील समजले जाते. आज अभ्यासकांच्या हाती बहुधा असतो तो पाठ यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेला आणि मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने १९४१ मध्ये चक्रपाणिदत्ताच्या ‘आयुर्वेददीपिका’ टीकेसह प्रसिद्ध केलेला होय.

स्वेदाध्यायात अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत जेन्ताकाचे वर्णन सर्वांत विस्तृत असून ते गद्यात आहे. वर्णनाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम भूमीची परीक्षा येते. वस्तीच्या पूर्वेस किंवा उत्तरेस, काळ्या गोड मातीची किंवा सोनेरी मातीची प्रशस्त जागा निवडावी. जवळ तळे किंवा पुष्करिणी असावी, तिचा उतार चांगला असावा, आणि घर तिच्या दक्षिण किंवा पश्चिम काठावर यावे. पाण्यापासून सात किंवा आठ अरत्नी मागे सरकून, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून, घाटासमोर कूटागार उभारावे. त्याची उंची आणि विस्तार जास्तीत जास्त सोळा अरत्नी असावा. ते चहूबाजूंनी वर्तुळाकार असावे, मातीने नीट लिंपलेले असावे आणि त्यास अनेक झरोके असावेत.

यानंतर अंतर्भागाचे वर्णन येते. भिंतीला लागून सभोवार एक अरत्नी रुंद आणि तितकाच उंच ओटा करावा. त्यास ‘पिण्डिका’ म्हटले आहे. हा ओटा दाराच्या कवाडापर्यंत आणून पोहोचवावा. खोलीच्या मध्यभागी मातीची, भट्टीच्या आकाराची, पुष्कळ बारीक छिद्रे असलेली आणि झाकण असलेली अंगारकोष्ठी स्तंभासारखी उभी करावी. तीत खैर, अश्वकर्ण इत्यादी वृक्षांची लाकडे भरून पेटवावीत. लाकडे चांगली जळून धूर निघून गेला, आणि घर केवळ उष्णतेने तापलेले राहिले, म्हणजे मग अंगास वातहर तेल लावलेल्या व वस्त्र पांघरलेल्या रुग्णास आत सोडावे.

येथपर्यंतचा भाग बांधणाऱ्यासाठी आहे असे म्हणता येईल. पुढील भाग रुग्णासाठी आहे. वैद्याने त्यास ‘सौम्य’ असे संबोधून सूचना द्यावयाच्या आहेत : ओट्यावर चढून या कुशीवर त्या कुशीवर सुखाने निजावे, घामाने मूर्च्छा येऊ लागली तरी प्राणात प्राण आहे तोवर ओटा सोडू नये, कारण ओट्यावरून घसरल्यास दार सापडणार नाही आणि तत्काळ प्राण जातील. शरीर हलके झाले, जडपणा व वेदना गेल्या असे वाटल्यावर ओट्याच्या अनुरोधानेच दार गाठावे. बाहेर आल्याबरोबर डोळ्यांच्या रक्षणासाठी थंड पाण्यास एकदम स्पर्श करू नये. एक मुहूर्त गेल्यावर, ताप व थकवा ओसरला म्हणजे, कोमट पाण्याने स्नान करून जेवावे.

तळे इतके जवळ असूनही थंड पाण्यात उडी घेण्यास येथे निषेध आहे, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मुहूर्त म्हणजे अहोरात्राचा तिसावा भाग, सुमारे ४८ मिनिटे. उष्णतेतून बाहेर पडल्यावर इतका काळ शरीरास आपोआप थंड होऊ द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. उत्तर युरोपात गरम खोलीतून निघून सरोवरात उतरण्याची जी रीत प्रसिद्ध आहे, तिच्याशी याचा मेळ बसत नाही.

मापांचा प्रश्न

हा आराखडा कितपत प्रत्यक्षात उतरवता येतो, हे मापांवर अवलंबून आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात अरत्नी २४ अंगुलांची सांगितली आहे. हे माप स्थूलमानाने दीड फूट धरल्यास सोळा अरत्नी म्हणजे २४ फूट होतात. तेव्हा सर्वांत मोठे जेन्ताकगृह २४ फूट व्यासाचे आणि तितक्याच उंचीचे होईल. त्याचा आतील घेर सुमारे ७५ फूट आणि क्षेत्रफळ सुमारे ४५० चौरस फूट भरेल. पाण्यापासूनचे अंतर साडेदहा ते बारा फूट येते. ‘परम’ हा शब्द कमाल मर्यादा दर्शवतो. त्याहून लहान घर बांधण्यास ग्रंथाची आडकाठी दिसत नाही.

ओट्याचे माप यावरून दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच ठरते. दीड फूट रुंदीच्या ओट्यावर प्रौढ माणसास उताणे निजणे अडचणीचे आहे. कुशीवर निजणे मात्र शक्य आहे. ग्रंथातील सूचना नेमकी कुशीवर निजण्याचीच आहे. वास्तूचे माप आणि रुग्णास दिलेला आदेश यांचा असा मेळ बसतो, तेव्हा हे वर्णन केवळ कल्पनेने रचलेले नसून प्रत्यक्ष उपयोगातून आलेले असावे, असे मानण्यास आधार मिळतो.

अंगारकोष्ठीच्या मापाविषयी मात्र अडचण आहे. तिच्यासाठी ‘चार किष्कू’ आणि ‘पुरुषप्रमाण’ अशी दोन विशेषणे एकापुढे एक आलेली आहेत. किष्कू म्हणजे सामान्य हात असे धरल्यास चार किष्कू ९६ अंगुले होतात, आणि अर्थशास्त्रात चार अरत्नींच्या मापास ‘पौरुष’ असेही नाव आहे. तसे असेल तर दोन्ही विशेषणे एकच उंची सांगतात आणि रुंदी अनुक्त राहते. पहिले विशेषण रुंदीचे आणि दुसरे उंचीचे मानावे, तर कोष्ठी सहा फूट रुंद व माणसाच्या उंचीची होते. अर्थशास्त्रातच सुतारांचा किष्कू ४२ अंगुलांचा सांगितलेला आहे. तो स्वीकारल्यास चार किष्कू साडेदहा फूट होतात, आणि २४ फुटांच्या खोलीत एवढी भट्टी मावली तरी तिच्या व ओट्याच्या मध्ये जेमतेम सव्वापाच फूट जागा उरते. सहा फुटांच्या कोष्ठीभोवती हेच अंतर साडेसात फूट राहते. निजलेल्या माणसाच्या दृष्टीने दुसरा पर्याय अधिक सुसह्य वाटतो. याहून निश्चित विधान करता येत नाही.

ही अनिश्चितता ग्रंथकर्त्याच्या निष्काळजीपणाची द्योतक मानू नये. पुढील पंधराव्या अध्यायात शोधनोपचारासाठी लागणाऱ्या गृहाचे वर्णन करताना, ते वास्तुविद्याकुशल माणसाने बांधावे असे स्पष्ट म्हटले आहे. पाया किती खोल, छपराचे वासे कोणते, कवाड किती रुंद, या गोष्टी वैद्यकग्रंथाने सांगितल्या नाहीत, कारण त्या कारागिराच्या ज्ञानात गृहीत होत्या. ग्रंथाने तेवढेच सांगितले, जे कारागिरास अन्यथा कळले नसते : जागा, दिशा, पाण्यापासून अंतर, मर्यादा, ओटा आणि अग्नीचे स्थान.

विनयपिटकातील जन्ताघर

चुल्लवग्गाच्या पाचव्या खंधकातील वर्णनाचे स्वरूप अगदी निराळे आहे. वैशालीमध्ये भिक्षूंना पक्वान्नांची भोजने मिळत असल्याने त्यांच्या शरीरांत दोष साठून ते आजारी पडू लागले. त्या वेळी जीवक कोमारभच्च काही कामानिमित्त तेथे आला होता. त्याने बुद्धास विनंती केली की, भिक्षूंना चंक्रम आणि जन्ताघर यांची अनुज्ञा द्यावी. ती मिळाली. यानंतर जे येते तो आराखडा नव्हे. ती तक्रारींची आणि दुरुस्त्यांची मालिका आहे.

जन्ताघर सखल जागी बांधले, त्यात पाणी शिरले; तेव्हा जोते उंच करण्याची अनुज्ञा झाली. जोत्याची माती ढासळू लागली. तेव्हा विटा, दगड किंवा लाकूड यांनी ते बांधून घेण्याची अनुज्ञा झाली. चढताना त्रास होऊ लागला, म्हणून पायऱ्या. पायऱ्यांवरून पडू लागले, म्हणून कठडा. पुढे कवाड, चौकट, अडसर वगैरे दाराचे सामान आले. धूर कोंडू लागला, तेव्हा ‘धूमनेत्त’, म्हणजे धुराडे, आले. लहान जन्ताघरात मध्यभागी चूल केल्याने वावरण्यास जागा उरेना. तेव्हा लहान घरात चूल एका बाजूस आणि मोठ्या घरात मध्यभागी, असा नियम ठरला. आचेने तोंड भाजू लागले, म्हणून तोंडास लावण्याची माती. माती हातावर भिजवीत, म्हणून मातीसाठी द्रोणी. मातीस वास येई, म्हणून ती सुगंधित करण्याची मुभा. गवताने शाकारलेल्या घरात घाम येईना, तेव्हा ते आतून-बाहेरून लिंपून घेण्याची अनुज्ञा झाली. जमिनीवर चिखल झाला, म्हणून फरशी. फरशीवर पाणी साचले, म्हणून मोरी. जमिनीवर बसल्याने अंगास खाज सुटली, म्हणून बसण्यासाठी पीठे. शेवटी कुंपण आणि देवडीही आली.

विनयपिटकाची ही नेहमीचीच पद्धती आहे. प्रत्येक नियमास एक प्रसंग जोडलेला असतो, आणि तो प्रसंग जसाच्या तसा घडला असेल असे मानण्याचे कारण नाही. तथापि बांधकामाच्या इतिहासाच्या दृष्टीने या मालिकेचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पुराचे पाणी, ढासळणारे जोते, कोंडलेला धूर, साचलेली मोरी हे दोष अशा घरात प्रत्यक्ष उद्भवणारेच आहेत. चरकसंहितेत वास्तू सिद्ध रूपात पुढे येते. चुल्लवग्गात ती चुकतमाकत सिद्ध होताना दिसते. ज्यास असे घर स्वतः उभारावयाचे आहे, त्यास दुसरा ग्रंथ पहिल्याहून अधिक उपयोगी वाटला तर नवल नाही, कारण काय बिघडते हे तो सांगतो.

दार आणि मूर्च्छा

दोन्ही ग्रंथ एका ठिकाणी मात्र अगदी जवळ येतात. चुल्लवग्गाच्या आठव्या खंधकात जन्ताघरातील वर्तनाचे नियम आहेत. त्यांच्या मुळाशी असलेला प्रसंग असा : ‘छब्बग्गिय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहा उच्छृंखल भिक्षूंच्या गटाने, स्थविर भिक्षू मना करीत असतानाही, भरपूर लाकडे रचून आग पेटवली, दार लावून घेतले आणि ते दारातच बसून राहिले. आतील स्थविर आचेने होरपळले, त्यांना दार मिळेना, आणि ते मूर्च्छित होऊन पडले. यावर उपाय म्हणून असे वर्तन निषिद्ध ठरले, आणि जन्ताघरात कसे जावे, कोठे बसावे, वृद्धांची सेवा कशी करावी, निघताना पीठ आवरून व आग विझवून दार कसे लावावे, हे नियम घालून दिले गेले.

चरकसंहितेतील सूचनेत याच तीन गोष्टी येतात : उष्णता, दार न सापडणे आणि मूर्च्छा. तेथे परिणाम मृत्यू सांगितला आहे. उपाय मात्र वर्तनाच्या नियमात नाही. तो वास्तूत आहे. भिंतीला लागून सभोवार गेलेला आणि थेट कवाडापाशी संपणारा ओटा हाच तो उपाय होय. वर्तुळाकार खोलीस कोपरे नसतात. ग्लानी आलेल्या माणसास तीत दिशा ओळखण्यास काही खूण उरत नाही. पण ओट्यावर असलेला माणूस कोणत्याही बाजूस सरकत गेला तरी दारापाशीच पोहोचतो. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी हाताखालचा ओटा वाट दाखवतो. ‘दाराच्या कवाडापर्यंत’ हा बांधणाऱ्यासाठी आलेला एक शब्द आणि ‘ओट्याच्या अनुरोधाने’ ही रुग्णासाठी आलेली सूचना एकमेकांस पूरक आहेत. पहिला शब्द गाळून कोणी ओटा दारापासून दूर थांबवला, तर दुसरी सूचना निरर्थक होईल.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील बत्तिसाव्या अध्यायात याच अडचणीचा तिसरा मार्ग आढळतो. सुश्रुताने स्वेदाचे ताप, ऊष्म, उपनाह आणि द्रव असे चारच भेद केले आहेत आणि जेन्ताकासारखी भव्य वास्तू वर्णिलेली नाही. पण त्याने चार दारांची कुटी सांगितली असून प्रत्येक दाराशी निखारे ठेवण्यास सांगितले आहे. रुग्ण मध्ये, अग्नी कडेला आणि दारे चारी बाजूंना, अशी ही जेन्ताकाच्या नेमकी उलट मांडणी होय. ती मूर्च्छेच्या भयानेच योजली होती असे ग्रंथ म्हणत नाही. परंतु हवा खेळती राहण्यास आणि बाहेरच्या माणसास आतील रुग्ण दिसण्यास ती सोयीची होती, हे उघड आहे.

घरगुती साधने

सोळा अरत्नींचे कूटागार सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातील नव्हते. पंधराव्या अध्यायात विपुल सामग्रीचा विधी राजा, राजतुल्य किंवा धनवान पुरुषासाठी आहे, आणि दरिद्री माणसाने आपत्काळी मिळेल त्या साधनांनी उपचार करावा, अशी स्पष्ट तोड सांगितली आहे. स्वेदाध्यायातील उरलेले प्रकार पाहता हीच दृष्टी तेथेही असावी असे वाटते. ‘कर्षू’ प्रकारात बाजेखाली अरुंद तोंडाचा खड्डा खणून त्यात निर्धूम निखारे भरतात. ‘कुम्भी’ प्रकारात काढ्याचा घडा जमिनीत पुरून, वर बाज ठेवून, घड्यात तापलेले लोखंडाचे किंवा दगडाचे गोळे टाकतात आणि वाफ उठवतात. ‘अश्मघन’ प्रकारात माणसाच्या लांबीची शिळा तापवून तीवर निजावयाचे असते. ‘होलाक’ प्रकारास वाळलेल्या शेणाच्या राशीहून अधिक काही लागत नाही. नाडीस्वेदातील वाफेची नळी दोन-तीन ठिकाणी वाकवण्यास सांगितले आहे, कारण वळणांनी वाफेचा जोर मोडतो आणि त्वचा भाजत नाही. ‘अवगाह’ म्हणजे काढा, दूध, तेल इत्यादींनी भरलेल्या कोठीत बसणे.

महावग्गाच्या सहाव्या खंधकात पिलिन्दवच्छ या भिक्षूच्या वातविकारासाठी क्रमाने ज्या अनुज्ञा दिल्या आहेत, त्यांत ‘महासेद’ आणि ‘उदककोट्ठक’ ही नावे येतात. पहिल्याचा अर्थ अट्ठकथेत निखाऱ्यांनी भरलेल्या पुरुषप्रमाण खड्ड्याशी आणि दुसऱ्याचा उष्ण पाण्याच्या पात्राशी जोडलेला आहे. कर्षू आणि अवगाह यांच्याशी असलेले त्यांचे साम्य उघड आहे. वैद्यक आणि विनय या दोन्ही परंपरा एकाच लोकव्यवहारातून साधने उचलत होत्या, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

पुनर्रचनेच्या मर्यादा

इ-त्सिंग या चिनी भिक्षूने सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील विहारांचे वर्णन करताना स्नानगृह, उघड्यावरील विटांचे कुंड आणि औषधी स्नान यांचा निर्देश केला आहे. श्रीलंकेत अरनकेले येथील प्राचीन विहारातील एक वास्तू जन्ताघर म्हणून ओळखली जाते. परंतु मातीच्या जेन्ताकगृहाचा अवशेष म्हणून निर्विवाद दाखवता येईल अशी वास्तू भारतात प्रसिद्ध नाही. तेव्हा पुनर्रचना ग्रंथावरूनच करावी लागते, आणि येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते.

फिनलंडमधील जुन्या पद्धतीच्या धुराच्या सौनागृहात धुराडे नसते. लाकडे जाळून, धूर बाहेर जाऊ देऊन, मगच माणसे आत जातात. या सौनासंस्कृतीचा युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त वारशाच्या सूचीत समावेश केला. जेन्ताकातील ‘धूर निघून गेल्यावर’ ही अट याच क्रमाची आहे. फरक असा की सौनागृहात तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ काढतात, आणि आग प्रवेशापूर्वी विझलेली असते; जेन्ताकात पाणी टाकण्याचा उल्लेख नाही, आणि झाकलेल्या कोष्ठीत निखारे राहतात. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो. धूर दिसेनासा झाला म्हणून तो नाहीसा होत नाही. चरक आणि चुल्लवग्ग यांत वर्णिलेल्या मूर्च्छेत उष्णतेबरोबर या वायूचाही वाटा असू शकेल. या दृष्टीने पाहता जेन्ताकाच्या वर्णनातील ‘अनेक झरोके’ हे विशेषण शोभेचे नाही. उलट त्याच अध्यायातील कुटीस्वेदाची खोली जाड भिंतींची, अरुंद आणि झरोके नसलेली असून तीत रुग्णाभोवती निखाऱ्यांच्या शेगड्या ठेवावयाच्या आहेत. ही रचना आज जशीच्या तशी करणे प्राणघातक ठरेल. ग्रंथनिष्ठ पुनर्रचनेच्या उत्साहात हा भेद विसरला जाऊ नये.

आज अनेक देशांत हौशी लोक छापील नकाशांवरून स्वतःच्या अंगणात असे उष्णगृह उभारतात. नकाशात रेषा व आकडे असतात. ते का निवडले हे क्वचितच लिहिलेले असते. चरकसंहितेतील वर्णनास रेषा नाहीत आणि आकडे थोडे आहेत, पण महत्त्वाच्या आकड्याचे कारण त्यातच, रुग्णास केलेल्या उपदेशात, नोंदलेले आहे. चुल्लवग्गात आकडे जवळजवळ नाहीतच. कारणे मात्र सर्व आहेत. दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज प्राचीन स्वेदगृहाचे चित्र पुरे होत नाही. वैद्यकग्रंथ वैद्यकाच्या अभ्यासकांनी आणि विनय धर्मेतिहासाच्या अभ्यासकांनी वाचावा, ही आजवरची विभागणी असल्याने एका ग्रंथातील ओटा आणि दुसऱ्या ग्रंथातील अडवलेले दार यांचा संबंध सहज लक्षात येत नाही. मातीची ही घरे नष्ट झाली असली, तरी ती बांधताना आणि वापरताना माणसांना जे भय वाटले व त्यावर जो विचार त्यांनी केला, तो या दोन ग्रंथांत शिल्लक आहे. भारतीय तंत्रविद्येच्या इतिहासास त्याची दखल घ्यावी लागेल.